मानसिक आरोग्यसेवेतील कृत्रिम बुद्धिमत्ता : पीएच.डी. संशोधनाचे अर्थसाहाय्य

नैराश्य, चिंताविकार, स्किझोफ्रेनिया, आत्महत्येचा धोका यांची ओळख, उपचार आणि पाठपुरावा यांसाठी संगणकीय मॉडेल घडवणाऱ्या व तपासणाऱ्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना मिळणारे आर्थिक पाठबळ. विद्यार्थ्याचा निर्वाहभत्ता आणि विद्यापीठाचे शुल्क त्यात येतेच. शिवाय डेटा मिळवणे, सहभागी रुग्णांना मोबदला देणे, संगणनाची सोय, प्रवास आणि वैद्यकीय देखरेख हे खर्चही येतात. संगणकशास्त्रातल्या इतर पीएच.डी.पेक्षा हे काम वेगळे ठरते ते मुख्यतः वैद्यकीय देखरेखीमुळे, आणि बहुतेक अंदाजपत्रकांत सर्वांत कमी रक्कम धरलेली असते तीही याच बाबीसाठी.

निधीचा ओघ या विषयाकडे वळण्याचे कारण उघड आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ९७ कोटी लोकांना, म्हणजे दर आठांपैकी एकाला, कोणता ना कोणता मानसिक विकार होता. सरकारांच्या आरोग्यखर्चात मात्र मानसिक आरोग्याचा वाटा सर्वसाधारणपणे दोन टक्क्यांच्या आसपासच आहे. उपचार करणारी माणसे अपुरी असल्यामुळे यंत्राकडून मदत होईल ही आशा स्वाभाविक आहे.

ही आशा जुनी आहे. संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबॉम यांनी अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात केलेल्या कामाचा लेख १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातला ‘एलायझा’ हा प्रोग्राम मानसोपचारतज्ज्ञाच्या ढंगात माणसाचेच वाक्य प्रश्न करून परत विचारत असे. लोक त्याच्याशी मन मोकळे करू लागलेले पाहून वायझेनबॉम स्वतः अस्वस्थ झाले आणि पुढे अशा वापराचे कठोर टीकाकार बनले. स्टॅनफर्डमध्ये केनेथ कोल्बी या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७२ च्या सुमारास ‘पॅरी’ तयार केला. तो संशयग्रस्त रुग्णासारखी उत्तरे देई. एलायझामागे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा संशोधन निधी होता. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी, बोलण्यातून आणि चेहऱ्यावरून मानसिक त्रास ओळखण्याचे मोठे प्रकल्पही त्याच खात्याच्या ‘डार्पा’ या संस्थेने उभे केले, कारण तिला सैनिकांची काळजी होती. पैसा कुणाचा आहे यावर कोणता प्रश्न आधी विचारला जातो हे ठरते, आणि या क्षेत्रात ते सुरुवातीपासून दिसते.

निधीचे मार्ग. पहिला मार्ग व्यक्तीच्या नावे मिळणाऱ्या फेलोशिपचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांची ‘एफ३१’ ही अशी फेलोशिप आहे. तिच्यातून पीएच.डी.च्या काळात कमाल पाच वर्षे साहाय्य मिळू शकते, आणि राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था ती आपल्या विषयांसाठी देते. ‘टी३२’ हे अनुदान मात्र विद्यार्थ्याला नव्हे, विद्यापीठाला मिळते आणि तिथून जागा भरल्या जातात. दुसरा मार्ग मार्गदर्शकाच्या प्रकल्पातून जातो. त्यात पगार वेळेवर मिळतो, पण विषय आधीच ठरलेला असतो.

युरोपात तुकडीने प्रशिक्षण देण्याची पद्धत रुजली आहे. ब्रिटनमध्ये २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या १२ डॉक्टरल प्रशिक्षण केंद्रांसाठी ११ कोटी ७० लाख पौंड जाहीर झाले. त्यांतल्या काही केंद्रांचा भर आरोग्यावर आहे. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्क या पीएच.डी. प्रशिक्षण योजनेत विद्यार्थी हा कर्मचारी म्हणून नेमला जातो, साधारण ३६ महिन्यांसाठी. नेमणुकीपूर्वीच्या ३६ महिन्यांत तो ज्या देशात जाणार तिथे १२ महिन्यांहून अधिक राहिलेला नसावा, अशी अट असते. धर्मादाय संस्थांमध्ये लंडनच्या ‘वेलकम’चे नाव अग्रभागी आहे. तिने मानसिक आरोग्य हे आपल्या तीन प्रमुख आरोग्यक्षेत्रांपैकी एक मानले आहे आणि या आजारांतून गेलेल्या माणसांचा संशोधनात प्रत्यक्ष सहभाग असावा असा तिचा आग्रह असतो. हा आग्रह पूर्णपणे योग्य आहे. अशा सल्लागारांना मानधन द्यावे लागते आणि ते अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत दिसले पाहिजे.

घड्याळ आणि दवाखाना. या संशोधनाची खरी अडचण रकमेपेक्षा मुदतीची आहे. फेलोशिप बहुधा तीन-चार वर्षांची असते आणि पहिल्या दिवसापासून मोजली जाते. पण रुग्णांच्या नोंदी हाताळायच्या तर नीतिसमितीची मंजुरी, रुग्णालयाशी करार, डेटा संरक्षणाची तपासणी, नोंदींतून ओळख काढून टाकण्याचे काम अशी रांग लागते. युरोपच्या डेटा संरक्षण कायद्यात आरोग्याची माहिती विशेष जपणुकीच्या वर्गात मोडते, त्यामुळे एखादी पायरीही टाळता येत नाही, आणि टाळूही नये. यात एक-दोन वर्षे गेली, तर हातात उरतो तो प्रबंध लिहिण्याइतकाच वेळ.

मग विद्यार्थी जे लगेच मिळते त्याकडे वळतात. समाजमाध्यमांवर स्वतःहून ‘मला नैराश्य आहे’ असे लिहिणाऱ्यांच्या नोंदी जमवणे सोपे असते. मात्र अशा नोंदींवर शिकवलेली मॉडेल प्रत्यक्ष निदान झालेल्या रुग्णांवर कमी पडतात, हे २०१९ मधील एका अभ्यासाने दाखवले. दुसरा सोयीचा मार्ग म्हणजे तयार डेटासंच. ‘डाइक-वॉझ’ हा त्यातला सर्वपरिचित. त्यात ‘एली’ नावाच्या पडद्यावरील मुलाखतकर्तीने घेतलेल्या १८९ मुलाखती आहेत. पडद्यामागून एलीला माणसेच चालवत होती. जगभरच्या असंख्य शोधनिबंधांनी याच मुलाखतींवर नैराश्य ‘ओळखले’. पण २०२४ मध्ये एका गटाने तपासले तेव्हा आढळले, की काही मॉडेल समोरच्याच्या उत्तरांपेक्षा एलीच्या प्रश्नांकडेच पाहत होती. पूर्वीच्या मानसिक त्रासाविषयी एली काय विचारते, एवढ्यावरून त्यांना निकाल लावता येत होता. आकडे उत्तम, पण रुग्णाचे ऐकलेलेच नाही.

एका ठिकाणी चांगले ठरलेले मॉडेल दुसरीकडे टिकते का, हा पुढचा प्रश्न. २०२४ मध्ये ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत आलेल्या अभ्यासात स्किझोफ्रेनियाच्या औषधांना रुग्ण कसा प्रतिसाद देईल हे सांगणारी मॉडेल तपासली गेली. ज्या चाचणीच्या डेटावर ती शिकली तिथे ती चांगली चालली, पण दुसऱ्या स्वतंत्र चाचणीच्या रुग्णांवर नाणेफेकीच्या पातळीला आली. दुसऱ्या रुग्णालयाचा डेटा आणून पडताळणी करायची म्हणजे आणखी एक करार आणि आणखी काही महिने. हे काम प्रस्तावात शेवटच्या वर्षात ढकललेले असते आणि मुदत संपली की तेच वगळले जाते. निधी देणाऱ्यांनी त्यासाठी वेगळी रक्कम आणि वेगळा कालावधी राखून ठेवला, तर या क्षेत्राचे मोठे भले होईल.

आत्महत्येचे भाकीत हे प्रस्तावांत सर्वाधिक उठून दिसणारे उद्दिष्ट. त्यामागे सबळ कारण आहे. २०१७ मध्ये पन्नास वर्षांतील ३६५ अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा तोवरचे धोक्याचे घटक केवळ योगायोगापेक्षा थोडेच बरे ठरले होते. पण इथले गणित कठीण आहे. समजा, १०,००० रुग्णांपैकी २० जण वर्षभरात प्रयत्न करणार आहेत. मॉडेल या वीसपैकी ९० टक्के ओळखते आणि उरलेल्यांतील ९० टक्क्यांना बरोबर वगळते. म्हणजे १८ जण सापडले, पण ९,९८० पैकी ९९८ जणांबद्दल उगाच धोका सांगितला गेला. एकूण १,०१६ इशाऱ्यांत खरे फक्त १८, दोन टक्क्यांहूनही कमी. या हजार माणसांशी कोण बोलणार, कधी बोलणार आणि त्या वेळेचा पगार कुठून येणार, याचे उत्तर नसलेला प्रस्ताव ‘९० टक्के अचूकता’ लिहून आला तरी अपुराच असतो.

देखरेखीचा खर्च. बहुतेक अभ्यासांत ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. उत्तरांची बेरीज ० ते २७ च्या दरम्यान येते. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. सहभागी व्यक्ती मोबाइलवर मध्यरात्री या प्रश्नाला ‘जवळजवळ रोज’ असे उत्तर देते, तेव्हा ते उत्तर डेटाबेसमधली एक नोंद म्हणून सकाळपर्यंत पडून राहणे मान्य होऊ शकत नाही. कुणीतरी पात्र माणूस उपलब्ध असावा लागतो आणि काय करायचे याची लिखित पद्धत असावी लागते. विद्यार्थी संगणक अभियंता असेल तर ही जबाबदारी त्याच्यावर टाकणे त्याच्यावरही अन्याय आहे. म्हणून संगणकशास्त्र आणि मानसोपचार या दोन्हीकडचे मार्गदर्शक असणे, आणि मानसोपचाराकडच्या मार्गदर्शकाच्या वेळेचे पैसे मोजले जाणे, ही अट चांगल्या योजनांत असते.

हा खर्च किती खरा आहे ते अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजच्या ‘थेराबॉट’वरून कळते. या संभाषण-प्रणालीवर २०१९ पासून काम सुरू होते. २१० जणांवरील चाचणीचे निष्कर्ष मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्य, चिंता आणि आहारविकाराच्या लक्षणांत घट दिसली. तुलनेसाठीचा गट मात्र प्रतीक्षायादीवर होता, दुसरा उपचार घेणारा नव्हता. चाचणीत प्रणालीच्या उत्तरांवर माणसे लक्ष ठेवून होती. एका पीएच.डी.च्या मुदतीत एका विद्यार्थ्याकडून असे काही उभे राहील अशी अपेक्षा ठेवणे चुकीचे आहे. त्यातला एखादा तुकडा, उदाहरणार्थ संकटाची भाषा ओळखणारा भाग, नीट पारखणे हे प्रबंधाएवढे काम आहे.

खासगी कंपन्यांचा निधी वाढतो आहे. त्यातून मोठी संगणनक्षमता आणि प्रत्यक्ष वापरकर्त्यांचा डेटा मिळतो. करार करताना प्रकाशनाला कंपनी किती काळ रोखू शकते आणि उत्पादन बंद झाले तर डेटाचे काय, हे विचारून घ्यावे लागते. ‘वोबॉट’ या मानसिक आरोग्यासाठी संवाद साधणाऱ्या अ‍ॅपवर २०१७ मध्ये ७० तरुणांसह झालेली दोन आठवड्यांची चाचणी या क्षेत्रात वारंवार उद्धृत होते. ते अ‍ॅप ३० जून २०२५ रोजी बंद झाले.

नियमांचा भारही निधीच्या आराखड्यात येऊ लागला आहे. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा ऑगस्ट २०२४ पासून अमलात आला. केवळ वैज्ञानिक संशोधनासाठी घडवलेल्या प्रणालींना त्यातून सूट आहे, पण तीच प्रणाली रुग्णसेवेत आणायची झाली की ही सूट संपते. मॉडेल-आधारित चाचण्यांचे आराखडे आणि अहवाल कसे लिहावेत यासाठी २०२० पासून ‘स्पिरिट-एआय’ आणि ‘कन्सॉर्ट-एआय’ हे निकष आहेत. पहिल्याच वर्षी त्यांनुसार आराखडा नोंदवला, तर नंतर निकालाला साजेसे उद्दिष्ट शोधण्याची वाट बंद होते. फेलोशिप संपल्यावर अ‍ॅप वापरणाऱ्या सहभागींचे उपचार पुढे कोणाकडे जाणार, हेही त्याच आराखड्यात नावानिशी लिहिलेले असावे.