मीटिंगमधला आवाज कुठून येतो?

ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुक कंपनीने ‘मेटा’ हे नाव घेतलं, तेव्हा ऑफिसं ओस पडणार आणि सगळे व्हीआर हेडसेट (डोळ्यांपुढे आभासी जग उभं करणारं डोक्यावरचं यंत्र) चढवून कामाला बसणार, अशी हवा तयार झाली. पुढे ती विरली आणि बिनपायांच्या कार्टून-अवतारांची टिंगल तेवढी उरली. या सगळ्यात एक मुद्दा बाजूलाच पडला. व्हीआर मीटिंगचा मोठा फायदा डोळ्यांना नाही, कानांना आहे.

नेहमीच्या व्हिडिओ कॉलमध्ये सगळ्यांचे आवाज सहसा एकत्र कालवून एकाच ठिकाणाहून ऐकवले जातात. दोघं एकदम बोलले की कुणाचंच धड कळत नाही. ब्रिटिश संशोधक कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये नेमकं हेच तपासलं. एकाच आवाजातले दोन मजकूर मिसळून ऐकवले, तर ते वेगळे करताना ऐकणाऱ्याची दमछाक होई; एक डाव्या आणि एक उजव्या कानात दिला, तर हवा तो सहज ऐकता येई. व्हीआर मीटिंगमध्ये प्रत्येकाचा आवाज त्याच्या जागेच्या दिशेनेच ऐकवता येतो.

मेंदूला दिशा कळते ती दोन कानांतल्या फरकावरून. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. अगदी डावीकडून आलेला आवाज डोक्याला वळसा घालून उजव्या कानात पोचायला साधारण ०.६५ मिलिसेकंद जास्त घेतो. हा झाला कमाल फरक. आवाज जवळजवळ समोर असेल, तर सुमारे १० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या एक लाखाव्या भागाचा फरकही माणसाला जाणवतो! साधारण १५०० हर्ट्झच्या वर लहरी डोक्यापेक्षा आखूड होत जातात. मग डोक्याची ‘सावली’ पडते आणि पलीकडच्या कानाला आवाज दबका ऐकू येतो.

पण आवाज बरोबर समोर असो की बरोबर मागे, दोन्ही वेळा फरक शून्यच. मग कळतं कसं? आपण नकळत मान हलवतो. मान उजवीकडे वळवल्यावर समोरचा आवाज आधी डाव्या कानात पोचतो, मागचा आधी उजव्या. साध्या हेडफोनमध्ये मानेबरोबर सगळा आवाजच फिरतो, त्यामुळे तो डोक्याच्या आत असल्यासारखा वाटतो. व्हीआर हेडसेटमधले जायरोस्कोप मान किती वळली ते सतत मोजतात आणि सॉफ्टवेअर आवाज तितकाच उलटा फिरवतं. खुर्चीवरचा सहकारी खुर्चीवरच राहतो. (‘८डी ऑडिओ’ म्हणून मिळणाऱ्या गाण्यांत यातलं काही नसतं. आवाज नुसता गोल फिरवलेला असतो. मिती आठ नाहीत.)

आवाज वर आहे की खाली, हे कानाच्या पाळीच्या घड्यांमुळे कळतं. प्रत्येकाची पाळी वेगळी आणि अ‍ॅपमध्ये सहसा सरासरी कानाचं गणित असतं, म्हणून उंची चुकते. मीटिंगमध्ये सगळे एकाच उंचीवर बसलेले असल्याने काही बिघडत नाही.

बिघडतं ते भलतीकडेच. चांगला ऐकू यावा म्हणून कुणीतरी ब्लूटूथ इअरबड जोडतो. त्याचा माइक सुरू झाला की नेहमीचं ब्लूटूथ संगीताचा स्टीरिओ मोड सोडून फोन-कॉलच्या मोडमध्ये जातं. त्यात चॅनेल एकच. डावं-उजवं संपलं, दिशाही संपली. हेडसेटचेच स्पीकर आणि माइक वापरा, नाहीतर वायरचे इअरफोन लावा. सहा जण असतील तर त्यांना टेबलाभोवती पसरून बसवा. एका रांगेत दूर बसवलं तर सगळे जवळपास एकाच दिशेला येतात.

उशीर मात्र कुठलाच हेडसेट भरून काढत नाही. दहा भाषांवरच्या २००९ च्या अभ्यासात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातली फट सरासरी २०० मिलिसेकंद निघाली. जाताना-येताना १५०-१५० मिलिसेकंद नेटवर्कनेच खाल्ले, की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर आदळणारच.

एक्सेलचे तक्ते तर व्हीआरमध्ये दाखवूच नका. चांगली नजर एका अंशात सुमारे ६० पिक्सेल वेगळे पाहू शकते. मेटाच्या क्वेस्ट ३ सारखा हेडसेट साधारण २५ देतो. बारीक आकडे फुटतात आणि डोळ्यांना ताण येतो.

आणि एकाच खोलीत दोघं हेडसेट घालून बसले असतील, तर शेजाऱ्याचा खरा आवाज आधी येतो आणि तोच नेटवर्कवरून थोड्या वेळाने भलत्या दिशेने. अशा वेळी एकाने दुसऱ्या खोलीत जावं, किंवा दोघांनी एकमेकांचा अ‍ॅपमधला आवाज बंद करावा.