पोलीस ॲक्शनविषयीचे लोकमत (मराठवाडा)

भारतीय सैन्य १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानात शिरले आणि पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबरला, सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने शस्त्रे खाली ठेवल्याचे जाहीर केले. ही कारवाई न्याय्य होती काय, या प्रश्नावर संस्थानाच्या मराठी मुलखात, म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या तेव्हाच्या पाच जिल्ह्यांत, जे मत घडत गेले त्याचा परामर्श या नोंदीत घेतला आहे. ‘ऑपरेशन पोलो’ हे लष्करी सांकेतिक नाव सामान्य माणसाच्या कानावर फारसे गेले नाही. दिल्लीने वापरलेले ‘पोलीस ॲक्शन’ हे नाव मात्र गावोगाव रुजले. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या ‘रझाकार’ या सशस्त्र संघटनेवरून त्याआधीच्या वर्षाला लोक ‘रझाकारी’ म्हणतात, आणि जुनी माणसे वय सांगतानाही ‘रझाकारीत मी एवढा होतो’ असा हिशेब धरतात.

बहुसंख्य मराठवाड्याने कारवाईचे मनापासून स्वागत केले, याबद्दल शंका नाही. मतचाचणी तेव्हा झाली नाही. वाटाघाटींत सार्वमताचा मुद्दा निघाला होता. जुनागढमध्ये फेब्रुवारी १९४८ मध्ये सार्वमत घेतलेही गेले, हैदराबादेत ते झाले नाही. तरी सत्याग्रहात तुरुंगात गेलेले तरुण, सोडून दिलेल्या वकिल्या आणि शाळा, सरहद्दीवरचे कॅम्प, घरदार टाकून सोलापूर, नगर आणि वऱ्हाडात गेलेली कुटुंबे, हा सगळा कौलच होता. पण सैन्य पाठवावे की नाही हा एक प्रश्न आणि सैन्य आल्यानंतर जे घडले ते क्षम्य होते काय हा दुसरा. मराठवाड्यात हे दोन प्रश्न फार काळ एकच समजले गेले. त्यामुळे पहिल्याचे उत्तर ठामपणे देताना दुसरा विचारायचाच राहून गेला.

परका मुलूख की देशाचा भाग

१९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याने संस्थानांवरची ब्रिटिश अधिसत्ता संपली. आपण भारतात किंवा पाकिस्तानात सामील होणार नाही, असे निजामाने जून १९४७ मध्येच जाहीर केले होते. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि हैदराबाद यांच्यात एका वर्षाचा ‘जैसे थे’ करार, म्हणजे आहे ती व्यवस्था तशीच ठेवण्याचा करार, झाला. हैदराबादचे समर्थक या करारावर बोट ठेवतात: मुदत संपली नसताना सैन्य घातले, म्हणून ते आक्रमण. भारत सरकारचे म्हणणे असे, की करार निजामानेच मोडला. पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज देणे, भारतीय चलनावर बंदी घालणे, सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकामार्फत शस्त्रे आणणे आणि रझाकारांना मोकळे सोडणे, ही त्याची कारणे सांगितली गेली. उलट हैदराबादने भारतावर आर्थिक नाकेबंदीचा आरोप केला. ऑगस्टमध्ये संस्थानाने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये ती चर्चेला आली तेव्हा भारतीय फौजा हैदराबाद शहराच्या वाटेवर होत्या. काही दिवसांतच निजामाने तक्रार मागे घेतली. ब्रिटनमध्ये विन्स्टन चर्चिल यांनी संस्थानाची बाजू घेतली. ‘पोलिसी कारवाई’ हा शब्दप्रयोगही याच वादातला आहे: हा देशांतर्गत कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न आहे, परराष्ट्राशी युद्ध नाही, असे भारताला सांगायचे होते.

मराठवाड्यात या कायदेशीर बाजूची चर्चा क्वचितच झाली, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. सोलापूर जिल्हा आणि उस्मानाबाद जिल्हा यांच्यामधली रेघ ही दोन देशांची सीमा आहे, असे तिथल्या माणसाला कधी वाटलेच नाही. पैठणहून नाथांची पालखी निजामाचा मुलूख ओलांडून पंढरपूरला जात होती आणि तुळजापूरच्या भवानीला पश्चिम महाराष्ट्रातून नवस फेडायला माणसे येत होती. सोयरिकी दोन्हीकडे, बाजार दोन्हीकडे. मध्ये उभे होते ते करोडगिरीचे नाके, म्हणजे संस्थानाच्या जकातीची ठाणी, आणि १९४७-४८ च्या लढ्यात लोकांनी सर्वांत आधी तीच जाळली.

पाठिंब्याची मुळे

रझाकारांच्या अत्याचारांमुळे लोक भारताकडे वळले, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धवट आहे. मत त्याच्या खूप आधी तयार झाले होते. ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमामुळे सभा घ्यायची तर परवानगी लागे. शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि मराठी शाळा काढणे हेच राजकीय काम ठरले. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे, म्हणजे संस्थानातल्या मराठी भाषिकांच्या संघटनेचे, पहिले अधिवेशन भरले. १९३८ मध्ये हैदराबाद संस्थानातल्या स्टेट काँग्रेसवर तिच्या जन्मालाच बंदी आली आणि त्याच वर्षी औरंगाबादच्या कॉलेजात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांचा लढा झाला. शेतकऱ्याचे दुखणे वेगळे होते. कुठे जहागिरी, कुठे ‘सर्फेखास’ म्हणजे निजामाची खासगी जमीन, आणि दुसऱ्या महायुद्धात सुरू झालेली धान्याची सक्तीची लेव्ही. पेरणाऱ्याच्या घरात दाणा उरत नसे. जंगल सत्याग्रहात सरकारी उत्पन्नाची शिंदीची झाडे तोडणारे हात याच माणसांचे होते. या असंतोषाला स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी दिशा दिली. आपला लढा सरंजामी राजवटीशी आहे, मुसलमानांशी नाही, ही त्यांची भूमिका अखेरपर्यंत टिकली, आणि ती या नोंदीत पुन्हा आठवावी लागणार आहे.

१९४७ नंतर परिस्थिती झपाट्याने बिघडली. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या मुसलमानांच्या राजकीय संघटनेचा आणि तिच्या रझाकार दलाचा नेता कासीम रझवी लातूरला वकिली केलेला माणूस होता; त्यामुळे रझाकार संघटना मराठवाड्याला दूर हैदराबादेतली गोष्ट वाटली नाही, ती घरात शिरलेली होती. त्याआधीच, ऑक्टोबर १९४६ मध्ये, नांदेड जिल्ह्यात अर्जापूरजवळ कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांचा खून झाला होता. रझाकारांनी गावे लुटली, जाळली, माणसे मारली. ज्यांना शक्य होते ते सरहद्दीपार गेले. उमरखेड, मनमाड, बार्शीच्या बाजूची गावे अशा ठिकाणी स्टेट काँग्रेसचे कॅम्प उभे राहिले आणि तिथून सशस्त्र तुकड्या संस्थानात छापे घालू लागल्या. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला गेला. अशा वर्षभरानंतर सोलापूरहून निघालेल्या मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या फौजेने पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला आणि दुसरी फौज औरंगाबादेत पोचली, तेव्हा लोकांनी तिरंगे घेऊन रस्ते भरले. त्या आनंदात खोटे काही नव्हते. ज्याच्या गावाला आग लागली होती त्याला पॅरिसमधल्या परिषदेचे ठराव विचारात घ्यायला सांगणे अन्यायाचे झाले असते.

वेगळी आणि विरोधी मते

मुसलमान समाज एकमुखाने निजामाच्या मागे होता, ही समजूत चुकीची आहे. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात सामील व्हावे असे उघडपणे लिहिले आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांची हत्या झाली. त्यांच्या पत्रात सात मुसलमान प्रतिष्ठितांचे त्याच अर्थाचे निवेदन प्रसिद्ध झाले होते. खेड्यातल्या अल्पभूधारक मुसलमानाला संस्थान स्वतंत्र राहण्यात फारसे काही मिळणार नव्हते. पोलीस, महसूल आणि कचेऱ्यांतल्या नोकरदारांना मात्र राज्य गेले तर रोजीरोटी जाईल अशी भीती होती, आणि ती अनाठायी नव्हती.

दलितांमध्ये मते विभागलेली होती. मूळचे औरंगाबादचे असलेले नेते श्याम सुंदर हे संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या हैदराबादच्या शिष्टमंडळात होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र नोव्हेंबर १९४७ मध्ये अनुसूचित जातींना निजामाची बाजू घेऊ नका असे स्पष्ट आवाहन केले, आणि मराठवाड्यात पुढे त्यांचाच शब्द वजनदार ठरला. कम्युनिस्टांची अडचण निराळी. तेलंगणात १९४६ पासून निजामाविरुद्ध शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा ते चालवत होते. सैन्य आल्यावर तो थांबवायचा की भारत सरकारविरुद्ध चालू ठेवायचा, यावर पक्षात मतभेद झाले आणि लढा १९५१ पर्यंत चालला. ही कारवाई शेतकऱ्यांचा उठाव मोडण्यासाठीही होती, असे त्यांच्यातील अनेकांनी म्हटले. मराठवाड्यात या मताचा प्रभाव बेताचा राहिला.

सप्टेंबरनंतरचे महिने

कारवाई पाच दिवसांत संपली. त्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर सूडाचे हल्ले झाले. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचे सद्भावना शिष्टमंडळ पाठवले. नोव्हेंबरअखेरीपासून सुमारे तीन आठवडे ते फिरले. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा सावध अंदाज होता. सर्वाधिक झळ पोचलेले म्हणून त्यांनी जे चार जिल्हे सांगितले त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे दोन मराठवाड्यातले आहेत. उरलेले दोन बीदर आणि गुलबर्गा. लातूरमध्ये मुसलमानांची वस्ती सुमारे १०,००० होती. समिती पोचली तेव्हा जेमतेम ३,००० उरले होते, हजारांहून अधिक मारले गेले होते आणि बाकीचे परागंदा झाले होते. रझवीच्या गावाचा सूड घेताना रझाकारीशी काडीचा संबंध नसलेले विणकर, दुकानदार, बायका आणि मुले बळी पडली. काही ठिकाणी सैनिक आणि पोलीसही या लुटीत सामील होते, असे अहवाल नोंदवतो. जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही तोच अहवाल करतो.

सरदार पटेलांनी अहवाल स्वीकारला नाही आणि तो प्रसिद्ध झाला नाही. संपूर्ण मजकूर २०१३ मध्ये सर्वसामान्य वाचकांसमोर आला. मधल्या ६५ वर्षांत मराठवाड्यातील सार्वजनिक लेखनाने या हत्याकांडाला फार थोडी जागा दिली. विचारवंत नरहर कुरुंदकर आणि पत्रकार अनंत भालेराव यांनी हैदराबादच्या लढ्यावर विस्ताराने लिहिले आणि दोघेही कारवाईचे ठाम समर्थक होते. भालेराव स्वतः लढ्यातले कार्यकर्ते. त्यांच्या समर्थनाला तर्क आहे आणि अनुभवाचा आधार आहे. परंतु त्यांच्यानंतर जे समारंभी वाङ्मय निर्माण झाले त्यात रामानंद तीर्थांची भूमिका मागे पडली आणि ‘रझाकार’ हा शब्द शेजारच्या माणसालाच चिकटवण्याची सवय लागली. निवडणुकीच्या भाषणांत ती आजही ऐकू येते. हा लढ्याचा वारसा नव्हे, त्याचा विपर्यास आहे.

मुसलमान कुटुंबांतल्या आठवणी बहुधा घरातच राहिल्या. अनेक घरांत त्या वर्षी कोण हरवले एवढेच सांगितले जाते, पुढचे बोलले जात नाही. कारवाई चूक होती असे म्हणणारे त्यांतही थोडेच. निजामी परत यावी असे कोणी म्हणत नाही. त्या मृत्यूंची नोंद व्हावी एवढी अपेक्षा असते. कारवाईचे समर्थन करणाऱ्याला ही अपेक्षा मान्य करण्यात काहीही अडचण असू नये.

नंतरचे मत

१९५२ च्या हैदराबाद विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने १७५ पैकी ९३ जागा जिंकल्या. हा पोलीस ॲक्शनवरचा कौल होता असे काही जण मानतात. तसे म्हणणे ताणलेले आहे, कारण तोवर जमीन, भाषिक राज्य आणि बाहेरून आलेले अधिकारी हे प्रश्न पुढे आले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. विलीनीकरणानंतर विकासाचा अनुशेष भरून निघाला नाही म्हणून तक्रारी सुरू झाल्या. एखादा वैतागलेला शेतकरी ‘निजामच बरा होता’ असे म्हणतो, पण तो राग मुंबईवरचा असतो. कारवाईविषयीचे मत त्यावरून ठरवू नये.

१७ सप्टेंबर हा दिवस मराठवाड्यात ‘मुक्तिसंग्राम दिन’ म्हणून पाळला जातो. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातील स्मारकाजवळ मुख्यमंत्री ध्वजारोहण करतात. तेलंगणात याच दिवसाच्या नावावरून वाद आहे: २०२२ मध्ये केंद्राने ‘हैदराबाद मुक्ती दिन’ साजरा केला, तर राज्य सरकारने ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’. कर्नाटकात हा ‘कल्याण कर्नाटक उत्सव’ आहे. मराठवाड्यात दिवसाच्या नावाबद्दल असा वाद उभा राहिला नाही.