मध्येच विझणारा ठिपका

शुभांशु शुक्ला २०२५ च्या जून-जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर होते, तेव्हा कोकणात ऐन पावसाळा असल्याने ते स्थानक डोक्यावरून जाताना पाहण्याची हौस ढगांआडच राहिली. पाऊस सरून आभाळ निवळले की मात्र गुहागरच्या किनाऱ्यावरून ते साध्या डोळ्यांनी दिसते. दिवेलागणीनंतर समुद्राच्या बाजूने एक ठळक, न लुकलुकणारा ठिपका वर चढतो आणि चार-पाच मिनिटांत, पूर्वेचे क्षितिज गाठण्यापूर्वीच, विझतो.

या विझण्यावरून उडत्या तबकडीच्या आणि अपशकुनाच्या वावड्या उठतात, हे खेदजनक आहे. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून, ताशी जवळपास २८,००० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या या स्थानकाचा आपल्याला दिसणारा उजेड म्हणजे त्याच्यावरून परावर्तित झालेले ऊन असते. खाली सूर्य मावळलेला असावा आणि वर अजून ऊन असावे, अशी वेळ साधावी लागते.

ती वेळ पृथ्वीची सावली ठरवते. सूर्य बुडताच ही सावली पूर्वेकडून वर येऊ लागते. एखाद्या मोकळ्या सड्यावरून (कातळाच्या पठारावरून) पाहिल्यास करड्या-निळ्या पट्ट्याच्या आणि त्यावरील गुलाबी कडेच्या रूपात ती स्पष्ट दिसते. आपल्या थेट डोक्यावर तिची कड किती उंच असते, हा हिशेब फार सुंदर आहे. विषुवदिनाच्या सुमारास कोकणात ती सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी साधारण २२ किलोमीटरवर, ४० मिनिटांनी ९० च्या घरात आणि ८४ मिनिटांनी ४०० च्या पुढे असते. सूर्य क्षितिजाखाली जवळपास एकसारख्या गतीने उतरतो, पण सावलीची उंची सूर्य क्षितिजाखाली जितक्या अंशांवर असतो त्या कोनाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वेळ दुप्पट झाला की उंची चौपट होते. नेमके सूत्र हवे असल्यास या कोनाच्या सेकंटमधून (१ भागिले कोसाइन) १ वजा करून पृथ्वीच्या त्रिज्येने गुणावे.

स्थानक पश्चिमेकडून पूर्वेकडे जात असल्याने संध्याकाळी ते या सावलीतच शिरते. तेथील अंतराळवीरांचा तो सूर्यास्त असतो. सूर्यबिंब आठ-दहा सेकंदांत पृथ्वीआड जाते, अखेरचे किरण वातावरणातून गाळून येतात, आणि दुर्बिणीतून पाहिल्यास पांढरा ठिपका पिवळसर, मग तांबूस होत मावळताना दिसतो. पहाटे सावली पश्चिमेला असते, त्यामुळे क्रम उलटतो: समुद्रावरच्या काळोखात, जिथे क्षणापूर्वी काहीच नव्हते तिथे, तो एकाएकी उजळतो आणि उजाडत्या बाजूला निघून जातो.