मँचेस्टरचं ‘दुसरं’ विद्यापीठ: शिकवणं आधी, पदवी नंतर

मँचेस्टर हे नाव मराठी माणसाला परकं नाही. इचलकरंजीला ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ म्हणण्यात आपल्या पिढ्या गेल्या. त्या मूळच्या मँचेस्टरमध्ये ऑक्सफर्ड रोड या एकाच रस्त्यावर दोन मोठी विद्यापीठं आहेत. एक युनिव्हर्सिटी ऑफ मँचेस्टर. दुसरं मँचेस्टर मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटी, ज्याला शहरातले लोक ‘मॅन मेट’ म्हणतात. या दुसऱ्याला विद्यापीठ हे नाव मिळालं १९९२ साली, त्यामुळे ब्रिटनमध्ये त्याची गणना ‘नव्या’ विद्यापीठांत होते. पण तिथलं शिकवणं सुरू झालं १८२४ साली. मधली १६८ वर्षं ही संस्था वेगवेगळ्या नावांनी शिकवतच होती. पदवी देण्याचा अधिकार तेवढा दुसऱ्यांकडे होता.

१८२४ मध्ये शहरातल्या काही उद्योजकांनी आणि अभियंत्यांनी मिळून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन काढलं. गिरण्यांची यंत्रं चालवणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना गणित, यंत्रशास्त्र, रसायनशास्त्र शिकवायचं, तेही दिवसभराचं काम संपल्यावर, ही मूळ कल्पना. अशा संस्थांची लाट तेव्हा ब्रिटनभर होती आणि ती आपल्याकडेही पोहोचली. मुंबईत काळा घोड्याला जी डेव्हिड ससून लायब्ररी दिसते, तिचा जन्म १८४७ साली टांकसाळ आणि गोदीतल्या तंत्रज्ञांनी काढलेल्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनमधून झाला. मुंबईत त्या रोपट्याचं वाचनालय झालं, मँचेस्टरमध्ये विद्यापीठ. खरं तर एक नव्हे, दोन: युनिव्हर्सिटी ऑफ मँचेस्टरही आपलं मूळ त्याच १८२४ च्या संस्थेत सांगतं, आणि तेही खोटं नाही.

दुसरं मूळ १८३८ चं, स्कूल ऑफ डिझाइनचं. ब्रिटिश कापड यंत्रावर भराभर निघत होतं, पण त्यावरची नक्षी फ्रेंच कापडापुढे फिकी पडत होती. ही चिंता पार्लमेंटच्या समितीपर्यंत गेली आणि डिझाइन शिकवणाऱ्या सरकारी मदतीच्या शाळा निघू लागल्या. मँचेस्टरची शाळा त्यांतल्या पहिल्या काहींपैकी एक. म्हणजे इथे कलाशिक्षण सुरू झालं ते छापील कापडाच्या बाजारासाठी. पुढे ही शाळा स्कूल ऑफ आर्ट झाली आणि १८८० च्या सुमारास कॅव्हेंडिश स्ट्रीटवरच्या स्वतःच्या इमारतीत गेली. ती इमारत आजही कलाविभागाचीच आहे. १९०५ पासून एल. एस. लाउरी हा तरुण तिथे संध्याकाळच्या वर्गांना येत असे. पुढे तो दिवसा भाडेवसुलीचं काम करी आणि संध्याकाळी अडॉल्फ व्हॅलेत या फ्रेंच शिक्षकाकडे चित्रकला शिके. गिरण्यांचे धुराडे आणि त्यांखालून लगबगीने जाणारी बारीक माणसं ही त्याची चित्रं आज इंग्लंडच्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. नोकरी सांभाळून शिकणारा हा विद्यार्थी तिथे अपवाद नव्हता, मुळात शाळा अशांसाठीच होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या संस्था नगरपालिकेकडे आल्या. १८८९ च्या तंत्रशिक्षण कायद्याने स्थानिक संस्थांना त्यासाठी कर लावायची मुभा दिली. शिवाय १८९० साली दारूवरच्या वाढीव कराचा पैसा तंत्रशिक्षणाकडे वळला. दारूची दुकानं बंद करायला लावून मालकांना भरपाई द्यायची, असा मूळ बेत होता. तो बारगळला आणि जमलेला पैसा शाळांना मिळाला. लोक त्याला ‘व्हिस्की मनी’च म्हणत. नगरपालिकेने सॅकव्हिल स्ट्रीटवर बांधलेली तंत्रशाळेची, म्हणजे पूर्वीच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनची, भव्य इमारत १९०२ साली खुली झाली.

इथून वाटा फुटल्या. तंत्रशाळेतलं वरच्या दर्जाचं शिक्षण १९०५ पासून जुन्या विद्यापीठाशी जोडलं गेलं, पुढे त्याची स्वतंत्र संस्था झाली आणि २००४ मध्ये ती आजच्या युनिव्हर्सिटी ऑफ मँचेस्टरमध्ये विलीन झाली. पदविका, प्रमाणपत्रं, अर्धवेळ वर्ग हे उरलेलं काम १९६० च्या दशकात जॉन डाल्टन कॉलेजकडे आलं. इंग्लंडमधल्या प्रतिष्ठेच्या उतरंडीचं याहून स्पष्ट चित्र मला माहीत नाही. एकाच घरातल्या दोन भावांपैकी एकाला पदवी मिळाली, दुसऱ्याला कामगारांचे वर्ग.

१९६५ मध्ये शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी लंडनमधल्या वुलिच इथल्या भाषणात ही दुफळीच धोरण म्हणून मांडली. एकीकडे स्वायत्त विद्यापीठं, दुसरीकडे स्थानिक शासनाच्या ताब्यातली, व्यवसायाभिमुख पॉलिटेक्निक. त्यांचं म्हणणं असं की दुसऱ्या बाजूलाही पहिल्याइतकाच मान मिळावा. या धोरणातून ३० पॉलिटेक्निक उभी राहिली. १ जानेवारी १९७० रोजी कला महाविद्यालय, वाणिज्य महाविद्यालय आणि जॉन डाल्टन कॉलेज मिळून मँचेस्टर पॉलिटेक्निक झालं.

आपल्याकडे पॉलिटेक्निक म्हटलं की दहावीनंतरचा डिप्लोमा आठवतो. ब्रिटिश पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमाबरोबर पदवीही होती, पण पदवीवर शिक्का ‘कौन्सिल फॉर नॅशनल अकॅडमिक अवॉर्ड्स’ (सीएनएए) या राष्ट्रीय परिषदेचा. अभ्यासक्रम पॉलिटेक्निकने आखायचा, परिषदेची समिती येऊन तपासणार, मंजुरी देणार आणि पदवीही तीच देणार. आपल्या संलग्न महाविद्यालयांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. १८५७ चं मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालं, तेव्हापासून शिकवणारा एक आणि पदवी देणारा दुसरा ही विभागणी आपण जगत आलो आहोत. फरक एवढाच की ब्रिटिश पॉलिटेक्निकमध्ये अभ्यासक्रम शिकवणाऱ्याच्या हातात राहिला. माझ्या मते तीच त्या पॉलिटेक्निकांची खरी कमाई.

नंतर आणखी संस्था येऊन मिळाल्या. १९७७ मध्ये डिड्सबरीचं अध्यापक महाविद्यालय आणि हॉलिंग्ज कॉलेज, १९८३ मध्ये शहराचं आणखी एक महाविद्यालय. हॉलिंग्जची १९६० ची इमारत मात्र थांबून बघण्यासारखी. काँक्रीटच्या उंच कमानी एकामागे एक उभ्या, वर जाताना निमुळत्या होत जाणाऱ्या. भाजलेल्या पावाचे तुकडे उभे ठेवायच्या जाळीसारखी दिसते म्हणून नाव पडलं ‘टोस्ट रॅक’. वरचे मजले अरुंद होत गेल्याने लहानमोठ्या आकाराचे वर्ग आपोआप मिळाले. तिथे शिकवलं जाई पाकशास्त्र, शिवणकाम, कपड्यांचा धंदा. आता विद्यापीठाने ती सोडली आहे, पण वारसा इमारत म्हणून तिला संरक्षण आहे.

आवारातली आणखी एक खूण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. विद्यापीठाच्या एका इमारतीला दगडी खांबांचा जुना दर्शनी भाग आहे. तो चॉर्लटन टाउन हॉलचा. ऑक्टोबर १९४५ मध्ये पाचवी पॅन-आफ्रिकन काँग्रेस, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या लोकांची परिषद, याच सभागृहात भरली. क्वामे एन्क्रुमा, जोमो केन्याटा, अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस तिथे होते. घानाचा आणि केनियाचा पुढचा राष्ट्रप्रमुख एकाच छताखाली, स्वातंत्र्याची भाषा बोलत! आज त्याच दारावरून मुलं तासाला जातात.

१९८८ च्या कायद्याने पॉलिटेक्निक नगरपालिकेच्या हातून सुटली आणि १ एप्रिल १९८९ पासून स्वतःचा कारभार पाहणाऱ्या स्वतंत्र कायदेशीर संस्था झाली. १९९२ च्या कायद्याने विद्यापीठ हे नाव आणि स्वतःची पदवी देण्याचा अधिकार मिळाला. सीएनएए गुंडाळण्यात आली.

कारभाराची रचना त्याच इतिहासातून आली आहे. जुन्या विद्यापीठाचा आधार राजाची सनद, मॅन मेटचा आधार पार्लमेंटचा कायदा. चान्सलर हे पद मानाचं. खरा कारभार व्हाइस चान्सलरकडे, आणि त्यांच्यावर नियामक मंडळ. त्यात बाहेरच्या स्वतंत्र सदस्यांचं बहुमत असतं, कारण १९८८ च्या कायद्यामागे उद्योगजगताचा हात वर ठेवायचा हेतू होता. अभ्यासक्रम, परीक्षा आणि दर्जा यांचं काम अकॅडमिक बोर्ड पाहतं. त्याखाली विद्याशाखा आणि विभाग. २०१८ पासून सगळ्यांवर ऑफिस फॉर स्टुडंट्स ही नियामक संस्था आहे.

पैशाचं चित्र मात्र पार पालटलं. पॉलिटेक्निकच्या काळात इंग्लंडमधल्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला पदवीसाठी फी पडत नसे. १९९८ मध्ये वर्षाला १,००० पाउंड सुरू झाले, २०१२ मध्ये मर्यादा ९,००० वर गेली, २०२५ मध्ये ९,५३५ वर. विद्यार्थी कर्ज काढतो, नोकरी लागल्यावर पगारातून फेडतो. ज्या संस्थेचा जन्म दिवसभर राबून संध्याकाळी वर्गात येणाऱ्यांसाठी झाला, तिच्या दारात हा आकडा बघून वाईट वाटतं.

२०१५ पासून डिग्री अप्रेंटिसशिप आली आणि मॅन मेटने ती मोठ्या प्रमाणावर उचलली. यात विद्यार्थी आधी कंपनीचा नोकर असतो. पगार घेत काम करतो, ठरलेला वेळ विद्यापीठात शिकतो आणि शेवटी पूर्ण पदवी घेतो. फी त्याला भरावी लागत नाही. वार्षिक पगारखर्च ३० लाख पाउंडांहून जास्त असलेल्या मालकांकडून २०१७ पासून त्यासाठी अर्धा टक्का आकार घेतला जातो, आणि शिकवण्याचा खर्च त्यातून भागतो.