पूर्व तिमोर : दूरचित्रवाणी माहितीपटांतील चित्रण

इंडोनेशियाच्या ताब्यात असलेल्या पूर्व तिमोरविषयी (आजचा तिमोर-लेस्ते) १९७५ ते १९९९ या काळात प्रामुख्याने ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन व पोर्तुगीज प्रेक्षकांपुढे आलेले वृत्तांत आणि माहितीपट. दूरचित्रवाणीने एका दडपलेल्या देशाचा प्रश्न जगापुढे आणल्याचे उदाहरण म्हणून ते नेहमी सांगितले जातात. ते खरे आहे. पण ते चित्र घडवण्यात तिमोरी लोकांचा स्वतःचा वाटा किती मोठा होता, हे क्वचितच सांगितले जाते.

पूर्व तिमोर ही पोर्तुगालची वसाहत. एकोणिसाव्या शतकापर्यंत दीर्घकाळ तिचा कारभार गोव्यातून चाले. १९७४ मध्ये लिस्बनमधील हुकूमशाही कोसळली. २८ नोव्हेंबर १९७५ रोजी फ्रेतिलिन या स्वातंत्र्यवादी पक्षाने राजधानी दिली येथे स्वातंत्र्य जाहीर केले आणि ७ डिसेंबरला इंडोनेशियाचे सैन्य उतरले. त्याआधीच, १६ ऑक्टोबर रोजी, सीमेजवळील बालिबो गावात ऑस्ट्रेलियन दूरचित्रवाणीचे पाच पत्रकार मारले गेले होते. त्यांच्यापैकी ग्रेग शॅकल्टन यांनी मालियाना भागातून पाठवलेल्या अखेरच्या वृत्तांतात गावकऱ्यांचा प्रश्न आहे : ऑस्ट्रेलिया आम्हाला मदत का करत नाही? कॅमेऱ्यामागे दूर कुठेतरी बसलेल्या माणसाशी आपण बोलत आहोत, हे त्या गावकऱ्यांनी तेव्हाच ओळखले होते.

पुढे १९८९ पर्यंत हा प्रदेश बाहेरच्यांना जवळजवळ बंद होता. नेमक्या याच काळात सर्वाधिक माणसे मेली. स्वतंत्र तिमोरमधील सत्यशोधन आयोगाच्या अंदाजानुसार १९७४ ते १९९९ दरम्यान संघर्षामुळे किमान १,०२,८०० मृत्यू झाले. त्यांतील सुमारे १८,६०० हत्या वा बेपत्ता झालेले. उरलेले ८४,२०० भूक आणि रोगराईचे बळी. हे मृत्यू मुख्यतः सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, लष्करी वेढ्यांत आणि सक्तीच्या वसाहतींत झाले. त्यांचे चलच्चित्रण फारच थोडे आहे. त्यामुळे परदेशी प्रेक्षकाच्या मनात तिमोर म्हटले की गोळीबार उभा राहतो, दुष्काळ नाही.

तो गोळीबार १२ नोव्हेंबर १९९१ चा. ऑक्टोबरअखेर मोताएल चर्चमध्ये मारल्या गेलेल्या सेबास्तियांव गोमिश या तरुणाच्या स्मरणार्थ निघालेली मिरवणूक दिलीतील सांता क्रूझ दफनभूमीवर पोहोचली आणि सैनिकांनी तिच्यावर गोळ्या झाडल्या. ब्रिटिश पत्रकार व कॅमेरामन मॅक्स स्टाल आत होते. त्यांनी चित्रफिती एका ताज्या थडग्यात पुरल्या, पकडले जाऊन सुटल्यावर त्या रात्री उकरून काढल्या आणि एका डच पत्रकार महिलेने त्या देशाबाहेर नेल्या. यॉर्कशायर टेलिव्हिजनने जानेवारी १९९२ मध्ये त्यांवर माहितीपट दाखवला. इंडोनेशियन लष्कराने प्रथम १९ मृत सांगितले, सरकारी चौकशी आयोगाने सुमारे ५०. तिमोरी गणना २०० च्या वर जाते. जखमींना नंतर लष्करी रुग्णालयात मारल्याच्याही साक्षी आहेत, पण तिथे कॅमेरा नव्हता.

मिरवणुकीत इंग्रजी फलक होते, हे या चित्रणात लक्षपूर्वक पाहण्यासारखे. दिलीतल्या लोकांना आपसांत ते वाचण्याची गरज नव्हती. पोर्तुगीज संसदीय शिष्टमंडळाच्या भेटीची तयारी आधीपासून चालू होती. ती भेट रद्द झाली, तरी विदेशी पत्रकार शहरात होते. जिवाची जोखीम घेऊन तरुणांनी ही साक्ष त्यांच्यासमोर मांडली. माहितीपटांनी मात्र त्यांना बहुधा केवळ निरपराध बळी म्हणून दाखवले. ते निरपराध होतेच. पण ते संघटित कार्यकर्तेही होते आणि ही बाजू झाकली जाणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय म्हणावा लागेल.

परिणाम देशागणिक वेगळा झाला. दफनभूमीत दडून बसलेले लोक पोर्तुगीज भाषेत प्रार्थना करत होते. ती ऐकून पोर्तुगालमध्ये जनक्षोभ उसळला. तिमोरमधील बहुसंख्यांची रोजची बोली तेतुम वा अन्य स्थानिक भाषा असली, तरी पोर्तुगीज घरांत पोहोचला तो ओळखीचा सूर. ब्रिटन व ऑस्ट्रेलियात भर राहिला तो स्वतःच्या सरकारांच्या अपराधावर : ब्रिटनने इंडोनेशियाला विकलेली हॉक लष्करी विमाने आणि तिमोरजवळच्या समुद्रतळातील तेलाविषयी ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाशी केलेला १९८९ चा करार. पत्रकार जॉन पिल्जर यांच्या १९९४ मधील माहितीपटाचा रोख हाच होता. हा रोख योग्य होता, कारण त्या प्रेक्षकांना दाब आणता येत होता तो आपापल्या सरकारांवर. मात्र त्यात प्रतिकाराचे नेते शनाना गुझ्मांव यांनी त्या चळवळीची केलेली पुनर्रचना, पक्षांतर्गत मतभेद, १९७५ मधील तिमोरींचेच आपसांतले यादवी युद्ध, हे सारे मागे पडले. बाहेरच्या सत्तेने चिरडलेले एकजिनसी राष्ट्र, एवढेच चित्र उरले.

३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. २० मे २००२ रोजी देश स्वतंत्र झाला. स्टाल यांनी दिलीत दृक्श्राव्य संग्रह उभारला. २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत त्याचा समावेश झाला.