नशिबाचे वीस दाते

अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं, म्हणजे तिथलं 'निकेल', 21.21 मिलिमीटर व्यासाचं असतं. आपलं 2011 च्या मालिकेतलं रुपयाचं नाणं भरतं 21.93 मिलिमीटर, आणि 2019 नंतरचं 20 मिलिमीटर. एक जाडजूड निघतं, दुसरं मरतुकडं. पुण्यात कर्वेनगरमधल्या माझ्या एका मित्राला आजोबांच्या मागे एक यांत्रिक स्लॉट मशीन मिळालं, म्हणजे नाणं टाकून दांडा ओढायचा आणि फिरत्या रिळांवरची चित्रं जुळली तर बक्षीस, असलं जुगाराचं यंत्र. त्यात 2011 चं नाणं फटीतच शिरत नाही आणि 2019 नंतरचं शिरलं तरी आतल्या घसरणीवर न टेकता निसटून जातं. त्यात आपली ही नाणी लोहचुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाची, तर निकेल तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूचं, चुंबकाला दाद न देणारं. शेवटी न्यू जर्सीतल्या चुलत बहिणीनं मूठभर निकेल आणून दिली, तेव्हा कुठे मशीननं नाणं गिळलं.

आजोबा मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते. कुठल्याशा बंदरात त्यांनी हे मशीन विकत घेतलं. शिकागोच्या मिल्स कंपनीचं, साधारण 1930 च्या दशकातलं. वीज नाही, मोटर नाही. जे काही घडतं ते दांडा ओढणाऱ्याच्या दंडातल्या ताकदीवर.

अशी मशिनं मुळात जमली कशी, तेही बघण्यासारखं आहे. 1891 मध्ये ब्रुकलिनमध्ये सिटमन आणि पिट यांनी पाच फिरत्या पिंपांवर पत्ते लावून पोकरचं मशीन बनवलं. ते लोकप्रिय झालं, पण बक्षीस देणं त्याला जमेना, कारण पत्त्यांच्या जुळण्या इतक्या की त्या 'वाचणारी' यंत्रणा करणं अवघड होतं. बक्षीस गुत्त्याचा मालकच हातानं द्यायचा. बव्हेरियात जन्मलेल्या आणि सॅन फ्रान्सिस्कोत स्थायिक झालेल्या चार्ल्स फे यानं त्या शतकाच्या अखेरीस प्रश्नच सोपा केला. पाचाऐवजी तीन रिळं, पत्त्यांऐवजी मोजकी पाच चित्रं, प्रत्येक रिळावर थांबण्याच्या दहा जागा. एकूण जुळण्या 10 × 10 × 10, म्हणजे 1000. एवढ्या जुळण्या लोखंडाच्या पट्ट्यांना वाचता येतात. तीन घंटा ओळीत आल्या की दहा निकेल, म्हणजे 50 सेंट, आपोआप खाली पडायची. पुढे मिल्सनं प्रत्येक रिळावर वीस जागा केल्या आणि जुळण्या झाल्या 8000.

वाचन होतं ते असं. प्रत्येक रिळाला एक चकती जोडलेली असते आणि तिच्यावर वेगवेगळ्या त्रिज्यांच्या वर्तुळांत भोकं पाडलेली असतात. संत्र्यांचं वर्तुळ वेगळं, घंटांचं वेगळं. रिळं थांबली की पोलादी बोटांचा एक जथा चकत्यांवर टेकतो. एखाद्या बक्षिसाच्या बोटांना तिन्ही चकत्यांत भोक सापडलं तरच ती पूर्ण आत जातात आणि नाण्यांच्या नळीखालची ठरावीक पट्टी सरकू देतात. एका जरी चकतीत भोक नसलं तरी सगळं अडतं. संगणकवाले ज्याला 'अँड' म्हणतात ते हेच, फक्त पोलादात. पुष्कळ मशिनांवर तीन संत्र्यांना 10, तीन आलुबुखारांना 14 आणि तीन घंटांना 18 नाणी असा दर असतो, आणि किती नाणी पडायची हे पट्टीच्या जाडीवरच ठरतं.

इथपर्यंत सगळं काटेकोर आहे. आता उरतं नशीब, आणि दुरुस्तीत खरी डोकेदुखी त्याचीच.

दांडा ओढला की स्प्रिंगा ताणल्या जातात. त्या सुटल्या की ठोसा देणारे हात रिळांना फिरकी देतात आणि त्याच वेळी आतलं एक छोटं घड्याळ उलगडू लागतं. ते वेळ दाखवत नाही, एकामागून एक तीन खटके सोडतं. प्रत्येक रिळाला वीस दात्यांचं चाक असतं. खटका दोन दात्यांमधल्या खाचेत पडतो आणि रीळ तिथेच थांबतं. दोन खाचांमधलं अंतर 18 अंश. रीळ सेकंदाला दोन फेरे घेत असेल असं धरलं, तर एक खाच सेकंदाच्या चाळिसाव्या भागात निघून जाते. तेवढाच फरक घंटा आणि लिंबू यांच्यात.

या घड्याळाचा वेग आवरतो तो एक चिमुकला पंखा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, वेग दुप्पट झाला तर अडथळा चौपट. त्यामुळे स्प्रिंगचा जोर थोडा इकडेतिकडे झाला तरी पंखा जवळपास त्याच वेगावर येऊन स्थिरावतो. मात्र मधल्या चाकांच्या आसांवर वाळलेलं वंगण असेल तर हिशोब बिघडतो. जुनं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून चिकट आणि मग वार्निशसारखं टणक होतं, आणि असलं वंगण डिसेंबरच्या पहाटे वेगळं वागतं, एप्रिलच्या दुपारी वेगळं. मित्रानं घड्याळाचा भाग सुटा करून लक्ष्मी रोडजवळच्या एका घड्याळजींकडे नेला. त्यांनी आधी तो रॉकेलमध्ये भिजवून स्वच्छ केला, मग सुईच्या टोकानं प्रत्येक आसाला थेंबाचाही अंश म्हणावा इतकंच तेल लावलं. "जास्त तेल घालू नका साहेब, धूळ चिकटते," एवढंच त्यांचं प्रवचन. पंख्याला तर तेल लावायचंच नाही. असली यंत्रं स्प्रेचा फवारा मारून 'मोकळी' करणारे लोक मला बघवत नाहीत.

स्प्रिंगांच्या बाबतीत मोह वेगळा. बोहरी आळीत हव्या त्या मापाची स्प्रिंग मिळते, आणि थकलेल्या जुनीच्या जागी जरा कडक बसवावी असं कुणालाही वाटेल. पण कडकपणा दुप्पट केला की तेवढ्याच ताणात साठणारी ऊर्जाही दुप्पट होते आणि रिळांचा वेग साधारण 1.4 पट. मग खटका खाचेत नीट बसत नाही, उसळतो, आणि दाते झिजतात. मशीन झोकात फिरतं खरं, पण वर्षभरात त्याचं मातेरं होतं.

गंजाचं त्या मानानं सोपं. पुण्याच्या पावसाळ्यात जुनं पोलाद उघडं ठेवणं म्हणजे गंजाला आवतणच. न हलणाऱ्या भागांवर टॅनिक आम्लाचा हात दिला की गंजाचं काळ्या, स्थिर संयुगात रूपांतर होतं. हिरडा आणि हिराकस एकत्र करून शाई बनवायचे तीच ही रासायनिक क्रिया, हिरड्यातलं टॅनिन आणि लोह. सरकत्या पृष्ठभागांवर मात्र हे नको. तिथे थर चढतो आणि पट्ट्या अडतात.

सगळं सुटं केल्यावर तिसऱ्या रिळाच्या दातेरी चाकावर एक गोष्ट सापडली. एका खाचेत कुणीतरी पत्र्याची बारीक पट्टी वाकवून पक्की बसवली होती. अमेरिकेत मशीन चालवणारे या युक्तीला 'बग' म्हणत. तिचं काम एकच, ती खाच बुजवायची. खटका तिथे आला की वरून घसरतो आणि पुढच्या खाचेत पडतो. बुजवलेली खाच अर्थातच 'बार'ची, म्हणजे सर्वांत मोठ्या बक्षिसाची.

याचं गणित बघा. समजा बारचं चित्र पहिल्या रिळावर तीनदा, दुसऱ्यावर तीनदा आणि तिसऱ्यावर एकदाच आहे. प्रामाणिक मशीनमध्ये तीन बार जुळण्याचे मार्ग 3 × 3 × 1, म्हणजे 8000 पैकी 9, सुमारे 889 खेपांत एकदा. मुळातल्या या वाटणीतही मेख आहेच. पहिल्या दोन रिळांवर बार वारंवार दिसतो, आशा वाढते आणि तिसरं रीळ ती मोडतं. बग बसवला की 9 चं शून्य होतं. पण बाहेरून काय दिसतं? मशीनच्या खिडकीत चित्रांच्या तीन ओळी दिसतात. बुजवलेली खाच ओलांडून रीळ पुढच्या खाचेत थांबतं, तेव्हा बार मधल्या ओळीच्या अगदी लगत उभा असतो. शिवाय त्या पुढच्या चित्राला स्वतःची संधी आहेच, वर बारचीही मिळते. त्यामुळे ते विसात दोनदा येतं. म्हणजे बार ओळीतून नुकताच निसटला, 'थोडक्यात हुकलं', हा अनुभवच दुप्पट होतो. ज्यानं हे केलं तो गणित शिकला असो वा नसो, माणूस त्याला पुरता कळलेला होता. मित्रानं ती पट्टी काढली, तारखेची चिठ्ठी लावून पाकिटात ठेवली. तेच बरोबर. तीही मशीनच्या इतिहासाचा भागच आहे.

पैसे लावून खेळवणं अर्थात इथे नाही. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे, आणि 1976 चा कॅसिनो कायदा कधी अमलात न येताच 2023 मध्ये रद्द झाला.

मग मशीन खरंच बेभरवशाचं, म्हणजे पुढचं चित्र कुणालाच सांगता येणार नाही असं, झालं का, हे तपासायचं कसं? सरळ रस्ता असा. दोनशे वेळा दांडा ओढा आणि एका रिळाची प्रत्येक थांबण्याची जागा टिपा. प्रत्येक जागा सरासरी दहा वेळा यायला हवी. प्रत्येक जागेसाठी दहापासूनच्या फरकाचा वर्ग करून त्याला दहानं भागा आणि विसांची बेरीज घ्या. ही संख्याशास्त्रातली काय-वर्ग चाचणी, आलेले आकडे अपेक्षेपासून किती दूर गेले ते मोजणारी. रीळ निष्पक्ष असेल तर बेरीज 30.14 च्या वर जाण्याची शक्यता फक्त 5 टक्के. बग असलेल्या रिळात एक जागा शून्य वेळा आणि तिची शेजारीण वीसच्या आसपास येते, म्हणजे या दोघींचीच भर 20. उरलेल्या अठरा जागा योगायोगानंच सतराएक भरतात, आणि चोरी पकडली जाते.

पण ही चाचणी एका बाबतीत पार आंधळी आहे. समजा ठोसा आणि घड्याळ इतकं तंतोतंत जुळलं की रीळ दर खेपेला आधीच्या जागेपासून नेमकं सात खाचा पुढे जातं. सात आणि वीस यांना सामाईक विभाजक नाही, म्हणून रीळ वीसही जागांना सारख्याच वेळा भेट देईल. बेरीज येईल शून्य, आणि पुढचं चित्र मात्र शेंबडं पोरही सांगेल. ही केवळ कल्पना नाही. 1940 च्या दशकाच्या अखेरीस नेवाडातल्या काही खेळाडूंनी घड्याळाची लय ओळखून दांडा ओढण्याची वेळ साधायला सुरुवात केली आणि मालकांना फटका बसला. उपाय म्हणून मशिनांत घड्याळाच्या वेळेत मुद्दाम चढउतार करणारा भाग बसवावा लागला.

म्हणून थांबलेली जागा टिपून भागत नाही, आधीच्या जागेपासून किती खाचा पुढे गेलं तेही टिपायचं आणि त्या आकड्यांवर वेगळी चाचणी लावायची. मित्राच्या मशीनचं पहिलं आणि तिसरं रीळ दोन्हींत पास झालं. दुसऱ्याच्या थांबण्याच्या जागा छान विखुरलेल्या आहेत, पण पावलं अकरा-बारा खाचांभोवती घुटमळतात. त्याचा ठोसा देणारा हात सध्या पुन्हा घड्याळजींच्या टेबलावर आहे.