वांग्याच्या फुलावरची गुणगुण

घरच्या बागेत कुणी आलं की बोट आधी फुलपाखराकडेच जातं. त्यात नवल नाही. लिंबाचं फुलपाखरू कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर क्षणभर टेकतं, पुढच्या पायांनी पानाची चव घेतं आणि पसंत पडलं तर एक अंडं चिकटवून निघून जातं. त्यातली अळी लहानपणी हुबेहूब पक्ष्याची शीट दिसते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. मोठेपणी ती हिरवीगार होऊन पानात मिसळते.

शेजारच्या कुंडीतल्या वांग्याशी मात्र या फुलपाखराचं काही देणंघेणं नसतं. वांग्याच्या फुलात मकरंदच नसतो. असतात ते फक्त परागकण, आणि तेही पिवळ्या परागकोषांत बंद. मिठाच्या डबीसारखी त्यांना टोकाशी बारीक छिद्रं असतात, त्यामुळे हलवल्याशिवाय आतलं काही बाहेर पडत नाही.

हलवायचं काम काळा भुंगा करतो, किंवा पोटावर निळे पट्टे असलेली, एकेकटी राहणारी एक चपळ माशी. सकाळी फुलाजवळ थांबा. माशी परागकोष जबड्यात धरते, अंग मुडपून त्याला बिलगते आणि पंख जागच्या जागी ठेवून फक्त उडण्याचे स्नायू थरथरवते. उडतानाचा आवाज एकदम वरच्या पट्टीत जातो, तोही तुटक तुटक. त्या कंपनाने परागकण तिच्या पोटावर सांडतात. तीच पुढच्या फुलावर गेली की त्यातले काही तिथल्या कुक्षीला, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकाला, लागतात. आपल्या सातेरी आणि फुलोरी मधमाश्यांना, एरवी कितीही कष्टाळू असल्या तरी, ही युक्ती येत नाही!

टोमॅटोचंही असंच. वाऱ्याच्या हेलकाव्याने त्याचं थोडंफार भागतं, पण बंद हरितगृहात वाराही नसतो. म्हणून युरोपात १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून टोमॅटोसाठी मुद्दाम बम्बलबी ही अशीच थरथर करणारी माशी पाळतात. ती माशी भारतात हिमालयाच्या थंड पट्ट्यात आढळते, महाराष्ट्रात नाही. इथे भुंगा आणि निळ्या पट्टेवाल्या माशीवरच भिस्त.

भुंगा वाळक्या लाकडात किंवा बांबूत भोक पाडून घर करतो. निळ्या पट्टेवालीला मोकळी माती किंवा मातीची भिंत लागते. सगळं अंगण फरशी घालून चकाचक केल्यावर तिने घर कुठे करायचं? कीटकनाशक, अगदी कडुनिंबाचंसुद्धा, फवारायचंच असेल तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी.

वांग्याची फुलं गळतात ही नेहमीची तक्रार. मात्र दर वेळी त्याचा दोष माश्यांच्या माथी मारू नये. वांग्याला काही फुलं आखूड स्त्रीकेसराची येतात. त्यांची कुक्षी परागकोषांच्या आतच दडलेली राहते आणि ती बहुधा फळ न धरताच गळतात. ज्या फुलात हिरवं टोक परागकोषांच्या वर डोकावतं, ते फळ धरणारं. पहारा करायचा तर त्या फुलाजवळ.